'साहेब, आपलं काय होणार?'

यावेळच्या पत्रांमधे एक गोष्ट सारखी सारखी समोर आली. पुढं काय होणार हे आपल्यालाच माहीत नाही आणि हाताखालची, गावातली माणसं मात्र आपल्या तोंडाकडं बघतायत, मग त्यांना सांगायचं काय? कारखान्यातून हेच आलंय, गावातून, शाळेतून, आयटीतून पण हेच. म्हणून या महिन्याचा कॉलम सगळा याच विषयाला दिलाय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न : नमस्कार ताई, मी चाकण एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. आम्ही पेट्रोल इंजिनचे पार्ट बनवतो, मेन कस्टमर एकच. दिवाळीपासून शेड्यूल कमी होत चाललंय, तीन शिफ्टच्या दोन झाल्या, ओव्हरटाइम बंद झाला, आणि आता कोण म्हणतं कंपनी गुजरातला जाणार, कोण म्हणतं इव्हीचं, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांचं काम येणार, कोण म्हणतं आमची लाइनच बंद होणार. परमनंट, कॉन्ट्रॅक्ट, अ‍ॅप्रेंटिस धरून चाळीसेक पोरं आहेत माझ्याकडं. रोज चहाच्या वेळी एकच, 'साहेब, आपलं काय होणार?' मॅनेजर म्हणतात आत्ता काही बोलू नका, पोरं पळून जातील. मी आतापर्यंत 'काही होत नाही रे, काम करा' एवढंच म्हणत आलोय. पण मला स्वतःलाच काही माहीत नाही. काय सांगू त्यांना?

उत्तर : दादा, 'काही होत नाही रे' हे वाक्य आजपासून बंद करा, अगदी मनापासून सांगते. पोरांना टेन्शन नको म्हणून चांगल्या हेतूनंच बोलताय तुम्ही, पण उद्या खरंच काही झालं तर त्या दिवशी तुमचा शब्द संपला. आणि सुपरवायझरकडं शब्दाशिवाय असतं काय? 'गार्ड उघडा ठेवून मशीन चालवू नको' हे सांगणारे तुम्हीच, 'रविवारी ये, त्याची सुट्टी मी देतो' हे सांगणारे पण तुम्हीच. एका ठिकाणी शब्द खोटा पडला की बाकीच्या ठिकाणी पण माणूस ऐकल्यासारखं करतो आणि स्वतःला हवं तेच करतो.

मॅनेजर म्हणतात ना सांगितलं तर पोरं पळतील, माझा पर्सोनेल डिपार्टमेंटमधला सगळा अनुभव याच्या उलट आहे, न सांगितल्यानं जास्त पळतात. कारण कंपनीत लपत काहीच नाही. डिस्पॅचवाला रोज गाड्या मोजतो, स्टोअरवाल्याला कच्चा माल किती मागवलाय ते माहीत असतं, कॅन्टीनवाल्याला ताटं किती कमी झाली ते माहीत असतं, आणि या सगळ्यांच्या बोलण्यातनं जे तयार होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते खऱ्यापेक्षा कितीतरी भयंकर असतं. त्यात सगळ्यात आधी कोण जातो, तर ज्याला बाहेर दुसऱ्या दिवशी काम मिळतं तो. तुमचा मशीन लावून देणारा सेटर, तुमचा सीएनसी मशीनवर हात बसलेला पोरगा. मागं राहतात ते नाइलाजानं राहतात आणि मग रिजेक्शन वाढतं, तेव्हा सगळे विचारतात क्वालिटी का घसरली.

तर आधी मॅनेजरसाहेबांकडं जा, पण 'सगळं सांगा' म्हणून नका जाऊ, सगळं त्यांनाही माहीत नसणार. कागदावर लिहून न्या. पुढच्या महिन्याचं शेड्यूल कितपत पक्कं आहे, माणसं कमी करायची वेळ आली तर मला किती दिवस आधी कळेल, आणि लोकांनी विचारलं तर मी नक्की कुठलं वाक्य बोललेलं तुम्हाला चालेल. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर देताना साहेबांना पण स्वतःशी विचार करावा लागतो. समजा ते काहीच नाही बोलले, तरी 'मी विचारलंय, अजून उत्तर नाही, शुक्रवारी परत विचारणार आहे' एवढं तर तुम्ही पोरांना सांगूच शकता, त्यात कंपनीचं कुठलं गुपित फुटतं?

आणि हे चहाच्या टपरीवर एकेकट्याला सांगू नका. एकाला एक कळलं, दुसऱ्याला दुसरं, की संपलं. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी टूलबॉक्स टॉक असतो ना, तिथं सगळ्यांना एकदम सांगा, परमनंट कॉन्ट्रॅक्ट सगळे एकत्र उभे असताना. भोसरीच्या एका कंपनीत हे फार छान झालेलं मी बघितलंय. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-४ नियम जाऊन बीएस-६ येणार होते, मधला बीएस-५ चा टप्पा सरकारनं वगळलाच होता, आणि त्या कंपनीतला एक पार्ट नव्या इंजिनात लागणारच नव्हता. तिथल्या सुपरवायझरनं काय केलं, प्रॉडक्शन-रिजेक्शनचे आकडे लिहायचा जो पांढरा बोर्ड असतो त्याच्या खालच्या भागात मार्करनं तीन रकाने आखले, 'पक्कं', 'अजून माहीत नाही' आणि 'पुढचं कधी सांगणार'. दर शनिवारी पुसून नवीन लिहायचा. एका शनिवारी पहिल्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं तर 'या आठवड्यात नवीन काही नाही' असं लिहिलं आणि तरी दहा मिनिटं तिथं उभा राहिला. लोकांनी काय विचारलं माहितीये? कंपनीच्या भवितव्याबद्दल कुणीच नाही विचारलं. एकानं विचारलं बहिणीच्या लग्नासाठी मेमधे रजा टाकू का, दुसऱ्यानं विचारलं पतपेढीचं कर्ज आत्ता घेऊ का थांबू. कर्जवाल्याला त्यानं सगळ्यांसमोर सरळ सांगितलं, मी तुझ्या जागी असतो तर जूनपर्यंत थांबलो असतो. लोकांना असलं उत्तर हवं असतं, कारण त्यावर घरी जाऊन काहीतरी ठरवता येतं.

आता कॉन्ट्रॅक्टच्या पोरांबद्दल, कारण काही झालंच तर पहिला घाव त्यांच्यावर आणि त्यांच्याशी सगळ्यात कमी बोललं जातं. प्रत्येकाला मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडायला लावा, ठेकेदार पैसे भरतोय का नाही ते त्यात दिसतं. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरला, स्वतःचा मोबाइल नंबर आणि आधार जोडलेलं आहे का, पगाराच्या स्लिपा ठेवल्यात का, ईएसआयचं कार्ड चालू आहे का, हे सगळं आत्ता तपासायचं, गेट पास काढून घेतल्यावर नाही. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे पण बऱ्याच पोरांना माहीत नसतं. परमनंट कामगाराला वर्षभर सलग नोकरी झालेली असेल आणि कमी केलं तर नोटीस किंवा नोटिशीच्या काळाचा पगार, वर सेवेच्या दर पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई मिळते, आणि पाच वर्षं झालेली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. माणसं कमी करताना त्या त्या कामातला शेवटी लागलेला आधी जातो असा नियम आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमधे नवीन लेबर कोड लागू झाले तरी ही सूत्रं तीच राहिलीत, उलट फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला, आता एका वर्षावर पण ग्रॅच्युइटी आहे. हे पोरांना सांगणं म्हणजे कंपनीच्या विरोधात जाणं अजिबात नाही. रात्री झोप लागायला माणसाला वाईटात वाईट काय होईल ते कळलेलं बरं असतं.

इव्हीचं म्हणाल तर तिथं पण धूसर बोलू नका, मशीनजवळ उभं राहून बोला. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, फ्युएल पंप, सायलेन्सर, क्लच हे सगळं जातं, खरंय. पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चाकं, सीट, वायरिंग हार्नेस राहतं, आणि मोटरचं हाउसिंग, बॅटरीचं केसिंग असलं अ‍ॅल्युमिनियमचं काम नवीन येतं, त्याला पण मशिनिंग लागतंच. म्हणजे पार्ट गेला तरी व्हीएमसी मशीनवरचा हात जात नाही, ड्रॉइंग वाचता येणं जात नाही, मायक्रोमीटर-बोअर गेज धरता येणं जात नाही. तुमच्या लाइनचं स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं मशीन येतं त्याचा तक्ता, भिंतीवर लावलेलं असेलच, ते बहुतेक ऑडिटपुरतं भरलेलं असतं, ते खरं करा. दोन शिफ्टमुळं आता जो मोकळा वेळ आहे त्यात एकाच मशीनवर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पोराला दुसऱ्या मशीनवर शिकवा आणि एचआरकडून त्याचं लेखी सर्टिफिकेट काढून घ्या. कंपनी राहिली तर तिला उपयोग, नाही राहिली तर पोराला. गुजरातला जाणार का नाही हे तुमच्या हातात नाही हो, पण पुढच्या सहा महिन्यांत ही चाळीस पोरं काय शिकली हे जवळजवळ पूर्ण तुमच्याच हातात आहे.

प्रश्न : आमच्या ऑफिसमधे नवीन साहेब आलेत, दर सोमवारी नवीन पद्धत. आधी रजिस्टर बंद करून एक्सेल, मग एक्सेल बंद करून अ‍ॅप, मग अ‍ॅपमधलं परत रजिस्टरमधे. मी मधली अधिकारी, खालचे माझ्यावर चिडतात, वरचे म्हणतात तुमची टीम बदलाला तयार नाही. (नाशिक)

उत्तर : तुमची टीम बदलाला तयार नाही असं मला वाटत नाही, टीम दमलीये. साहेबांकडं तक्रार घेऊन जाऊ नका, एक मागणी घेऊन जा, की जी पद्धत सुरू केलीय ती तीन महिने बदलायची नाही आणि नवीन काही आणताना जुनं काय बंद होणार ते त्याच मीटिंगमधे लिहून द्यायचं. बहुतेक ठिकाणी नवीन काम येतं आणि जुनं बंद करायला कुणी सांगतच नाही, मग माणसं दोन्ही करत बसतात. खालच्यांना मात्र 'साहेबांनाच कळत नाही' असं कधीही म्हणू नका, त्या दिवशी बरं वाटतं पण पुढच्या बदलाच्या वेळी तुमचंच तोंड बांधलं जातं.

प्रश्न : ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावची सरपंच. अतिवृष्टीत पाणी घरात शिरलं, काही जणांची तर शेतातली मातीच वाहून गेली. पंचनामे झाले. काहींचे पैसे आले, काहींचे नाहीत, कुणाचं यादीतच नाव नाही, कुणाची केवायसी अडकली. तलाठी भाऊसाहेब म्हणतात वरून आलं की कळेल. लोक रात्री दारात येऊन वाट्टेल ते बोलतात. घरचे म्हणतात राजीनामा दे, मला पण तसंच वाटायला लागलंय. माझ्या हातात काहीच नाही तर मी त्यांना काय धीर देऊ?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला पहिली आठवण किल्लारीच्या भूकंपाची झाली, तुमच्यापासून फार लांबचं नाही ते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक झोपलेले, आणि लातूर-उस्मानाबादमधे दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदाची जड माती लोकांच्या अंगावर आली. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याशिवाय हजाराहून जास्त गावं अशी होती की जिथं गाव हलवायचं नव्हतं, घरं तडकली होती, मोडली होती, आणि ती ज्याची त्यानं सरकारच्या मदतीतून दुरुस्त आणि मजबूत करून घ्यायची होती. हप्त्याहप्त्यानं पैसे, वर इंजिनियरची तपासणी. सुरुवातीला ते हलेचना. कारण लोकांना कळतच नव्हतं की पैसे कधी, कशाचे, किती, दगडाच्या घरात परत राहायचं का नाही, आणि प्रत्येक जण वेगळं सांगायचा.

तिथं एक गोष्ट केली गेली ती मला फार मोठी वाटते. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं सरकारबरोबर काम करून गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. त्या बायकांच्या हातात ना पैसा होता ना सही. त्यांचं काम म्हणजे योजना काय आहे ते समजून घेऊन घरोघरी सांगायचं, लोकांचे प्रश्न इंजिनियरपर्यंत न्यायचे आणि उत्तर घेऊन परत यायचं, बांधकाम बरोबर चाललंय का बघायचं. जिथं आधी बाई चारचौघांत बोलत नव्हती तिथं ती इंजिनियरला विचारायला लागली की इथं भिंत धरून ठेवणारा पट्टा का नाही घातला. आणि कामं हलली.

म्हणजे बघा, तुमच्या हातात काही नाही असं तुम्ही म्हणता, पण त्या बायकांच्या हातात तर तुमच्यापेक्षा कमी होतं. तुम्ही निदान तहसीलच्या ऑफिसात खुर्चीवर बसून विचारू शकता.

गावात बचत गट असतीलच. प्रत्येक वॉर्डातल्या दोघी जणी घ्या, शक्यतो ज्यांचं स्वतःचं पण नुकसान झालंय अशा. एक वही करा, प्रत्येक घराचं नाव आणि पुढं नक्की कुठं अडलंय ते. 'वरून आलं की कळेल' हे उत्तर घेऊच नका, कारण वर असं एक काही नसतं, प्रत्येकाचं अडण्याचं ठिकाण वेगळं असतं. कुणाचा व्हीके नंबर, म्हणजे मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक, आलाय पण ई-केवायसी झालेली नाही, कुणाचं खातं आधारला जोडलेलं नाही, कुणाचं सामाईक खातं आहे आणि भावाची संमती राहिलीये, भाऊ पुण्यात ड्रायव्हर, त्याला सुट्टी नाही. कुणाचे वडील जाऊन चार वर्षं झाली, वारस नोंदच नाही, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. पिकाचं नुकसान वेगळं, खरडून गेलेली जमीन वेगळी, पडलेलं घर वेगळं, जनावर वाहून गेलं ते वेगळं, आणि लोक मात्र एकच समजतात की आमचे पैसे आले नाहीत. ही वही झाली की तुमच्या लक्षात येईल, निम्मे प्रश्न तर गावातच बसून सुटतील, भाऊबंदकीचे दोन-चार सोडले तर.

मग एक वार ठरवा. समजा मंगळवार. सकाळी वही घेऊन तहसीलला जायचं, संध्याकाळी परत येऊन देवळासमोर सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, नावासकट, काय हललं आणि काय नाही. काहीच हललं नसेल तर तेही सांगायचं, कुणाला भेटले, काय म्हणाले. तलाठी आणि ग्रामसेवक दोघांना बोलवा, येतील तेव्हा येतील. आणि रात्री दारात कुणी आलं तर शांतपणे सांगा की मंगळवारी सगळ्यांसमोर बोलू, घरात लेकरं झोपलीत. हे पहिल्या दोन मंगळवारी जमणार नाही, ओरडतील, कुणीतरी विरोधी पॅनेलचा मुद्दाम उठून बोलेल. चालू द्या. तिसऱ्या-चौथ्या वेळेला बायका स्वतःच त्याला गप्प करतात, कारण त्यांना आपल्या नावापुढं काय लिहिलंय ते ऐकायचं असतं.

राजीनाम्याचं आत्ता ठरवू नका ताई. द्यायचाच असेल तर वहीतली नावं संपल्यावर द्या. आणि घरच्यांना म्हणावं, राजीनामा दे म्हणण्यापेक्षा मंगळवारी मोटरसायकलवर तहसीलला सोडायला या.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेची मी मुख्याध्यापिका. पट अठरावर आलाय. कमी पटाच्या शाळा बंद करून आसपासच्या गावांच्या एकत्र समूह शाळेत घालणार असं दरवर्षी ऐकतो. पालक विचारतात बाई शाळा राहणार का, नाहीतर पोराला आत्ताच इंग्लिश मीडियमला घालतो. माझे सहकारी सर तर समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवलं तर, कुठं जाईन याच्याच विचारात असतात. (सातारा जिल्हा)

उत्तर : पालकांना 'शाळा राहणारच' असं सांगू नका, तुमच्या हातात नाही ते. पण नियम सांगा, बऱ्याच पालकांना माहीत नसतो, की पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असली पाहिजे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, म्हणजे विचारायचा हक्क त्यांनाही आहे, एकट्या बाईंनी लढायचं नाहीये. समितीचा ठराव आत्ताच करून ठेवा, आदेश आल्यावर धावपळ करण्यापेक्षा.

आणि त्यांच्या खऱ्या प्रश्नाला उत्तर द्या. ते शाळा राहणार का विचारतात पण मनात असतं माझं पोरगं मागं पडेल का. त्याला उत्तर वर्गातच देता येतं. महिन्यातून एकदा पालकांना बोलवा आणि प्रत्येक मुलाला त्यांच्यासमोर एक उतारा वाचू द्या, इंग्रजीतला पण, एक गणित सोडवू द्या. अठरा मुलं म्हणजे प्रत्येकाला वेळ मिळतो, इंग्लिश मीडियमच्या साठ मुलांच्या वर्गात तो मिळत नाही, हे आईबापांना डोळ्यांनी बघू द्या. सरांचं म्हणाल तर त्यांच्याशी एकदा मोकळं बोला, समायोजनाची भीती खरी आहे, ती दाबून टाकायला सांगू नका, फक्त ती मुलांसमोर आणि पालकांसमोर बोलायची नाही एवढं दोघांत ठरवा. आणि त्यांना एखादी गोष्ट पूर्ण सोपवा, परसबाग म्हणा, स्कॉलरशिपचा तास म्हणा. स्वतःचं म्हणावं असं काही हातात असलं की माणूस इथं असेपर्यंत तरी इथला असतो.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत टीम लीड आहे, बारा वर्षांचा अनुभव, टीममधे सगळे पंचवीस-अठ्ठावीसचे. प्रोजेक्ट जूनमधे रिन्यू होईल का नाही माहीत नाही. एआयमुळं टेस्टिंगचं निम्मं काम जाणार असं मॅनेजर उघडच म्हणतात. दोघांना प्रोजेक्टमधून काढून बेंचवर टाकलं, त्यातल्या एकाकडून राजीनामा घेतला. टीम मला विचारते आणि मी हसून 'लेट्स फोकस ऑन वर्क' म्हणते. रात्री मला स्वतःला झोप येत नाही, होम लोन आहे. खरं सांगायचं तर मी स्वतः बाहेर इंटरव्ह्यू देतेय. मग मी यांना कुठल्या तोंडानं थांबा म्हणू?

उत्तर : थांबा म्हणूच नका. एवढं एक पाळा, बाकी सगळं सावरता येईल. तुमच्या शब्दावर कुणी हातातली ऑफर सोडू नये. कुणी येऊन विचारलं की ताई ऑफर आलीये, घेऊ का, तर त्याच्या बाजूनं विचार करून उत्तर द्या, प्रोजेक्टच्या बाजूनं नाही. तुम्ही इंटरव्ह्यू देताय हे टीमला सांगायला तुम्ही बांधील नाही, तो तुमचा खाजगी प्रश्न आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण स्वतः दार शोधत असताना दुसऱ्याला 'इथं सगळं छान आहे' म्हणणं, ते नको.

भीतीचं म्हणाल तर ती खरी आहे. टीसीएसनं २०२५ च्या जुलैमधे सुमारे १२ हजार लोक, म्हणजे २ टक्के, कमी करायचं जाहीर केलं तेव्हा त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोकच जास्त असतील असं सांगितलं होतं, म्हणजे बारा वर्षंवाले. तुम्हाला टीमपेक्षा जास्त भीती वाटत असेल तर त्याला कारण आहे. ती बोलायला टीमच्या बाहेरचं एक माणूस धरा, नवरा, जुनी मैत्रीण, आधीच्या कंपनीतली कलीग, कुणीही. टीमसमोर मात्र रडायचं पण नाही आणि हसायचं पण नाही. 'मलाही माहीत नाही, मलाही काळजी वाटते, जूनच्या रिन्युअलबद्दल क्लायंटची मीटिंग झाली की त्याच दिवशी मी तुम्हाला सांगेन', एवढं बोलून बघा. तुम्ही हसून फोकस म्हणता ना, तेव्हा त्यांना वाटतं हिला माहितीये आणि ही लपवतेय, त्यापेक्षा हे बरं.

दुसरं, दोन माणसं गेली पण त्यांचं काम गेलं का? बहुतेक नाही, ते उरलेल्यांच्या डोक्यावर आलंय आणि त्याबद्दल कुणी बोलत पण नाही. या आठवड्यात बसून यादी करा आणि मॅनेजरला विचारा यातलं कुठलं थांबवायचं. स्टेटस कॉल कमी करा, अनिश्चिततेत वरचे लोक जास्तीत जास्त रिपोर्ट मागतात आणि खालचे दिवसभर रिपोर्टच करत बसतात.

एआयबद्दल 'अपस्किल व्हा' एवढंच म्हणून सोडू नका, घरी जाऊन रात्री शिका असा त्याचा अर्थ होतो. ऑफिसच्या वेळेतले आठवड्याचे दोन तास बांधून घ्या, आणि तुमच्याच प्रोजेक्टचे टेस्ट केस त्या टूलनं लिहून घेऊन सगळ्यांनी मिळून बघा कुठं चुकतंय. चुकतं ते. एखादा बिझनेस रूल, क्लायंटनं तीन वर्षांपूर्वी फोनवर सांगितलेली अट, ती कुठंच लिहिलेली नसते, ती तुमच्या पोरांना माहीत असते. त्यांना ते कळू दे की आपल्याला नक्की काय येतं, इंटरव्ह्यूत सांगायला पण तेच उपयोगी पडणार आहे. राजीनामा घेतलेल्या मुलाला या आठवड्यात फोन करा, कुणी केला नसेल. दोन ठिकाणी त्याचं नाव सुचवा. बाकीची टीम हे बघत असते.

आणि तुमची ऑफर पक्की झाली की टीमला एचआरच्या मेलवरून कळू देऊ नका. तुम्ही स्वतः सांगा, एकेकाला, आणि प्रत्येकाचं अप्रेझल स्वतःच्या हातानं, नीट, उदाहरणं देऊन लिहून ठेवल्याशिवाय तिथून निघू नका. तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला ही पोरं माहीत नसणार, त्याच्यासमोर फक्त तो कागद असेल.